घरात कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नाही आणि पोरांना आरोग्यक्षेत्रात जायचंय: कोकणातल्यांसाठी धागा

सड्यावरचा | २ जून, रात्री १०.४०

मंडळी, परवा रविवारी आमच्या गावच्या वाचनालयात एक पोरगा आला. बारावी सायन्स, बायोलॉजीत चांगले मार्क, हातात प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात दहावीपासूनचे सगळे कागद चार घड्या घालून कोंबलेले. नीट (डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा) दिलीय. ती कशी दिली तेही ऐका. मे महिन्यातला पहिला रविवार, म्हणजे आंब्याचा ऐन हंगाम. आदल्या रात्री अकरापर्यंत बापासोबत पेट्या भरत होता आणि पहाटेच्या एसटीने परीक्षेला गेला.

मी विचारलं, "जात पडताळणी केलीस?" म्हणे, "दाखला आहे की." जातीचा दाखला वेगळा आणि पडताळणीचं प्रमाणपत्र (तो दाखला खरा असल्याचं समितीने तपासून दिलेलं) वेगळं, हे त्याला ठाऊक नव्हतं. बापाला तर नव्हतंच. कॉलेजात डिसेंबरात नोटीस लागली होती, ती त्याने वाचलीही होती. "पण मला वाटलं, ती ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी आहे."

हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, कारण मीही असाच होतो. घरात दहावी पास होणारा मी पहिला. बारावीनंतर "लॅबचा कोर्स कर, लगेच नोकरी" असं कोणीतरी सांगितलं म्हणून एका खाजगी संस्थेत डीएमएलटीला नाव घातलं. बाबांनी काजूची बाग गहाण टाकून फी भरली. वर्ष संपताना कळलं की संस्थेला मान्यताच नाही. सर्टिफिकेट रंगीत होतं, सोनेरी शिक्का होता आणि कुठलाही सरकारी दवाखाना ते हातात धरायला तयार नव्हता. मग बी.एस्सी. केमिस्ट्री केली, त्यावर मान्यता असलेली डीएमएलटी केली आणि आज रत्नागिरीत लॅबमध्ये आहे. चार वर्षं गेली ती गेली. "मान्यता कोणाची?" हा एक प्रश्न विचारायला घरात कोणी नव्हतं.

मार्कांपेक्षा तारखा आणि कागद चुकून मागे राहिलेली पोरं मी जास्त पाहिलीत. म्हणून हा धागा. ज्यांनी हा रस्ता तुडवलाय त्यांनी लिहा. ज्यांना विचारायचंय त्यांनी लाजू नका, इथे कोणी हसणार नाही. (काजूबोंड हसेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.)

---

काजूबोंड | २ जून, रात्री ११.०५

हसलो. आता गंभीर प्रश्न. आपल्याकडे तीन सरकारी मेडिकल कॉलेजं झाली ना? मग कोकणातल्या पोरांना सीट मिळायला अडचण काय?

---

सड्यावरचा | २ जून, रात्री ११.२०

झाली. अलिबाग आणि सिंधुदुर्ग २०२१ साली, रत्नागिरी २०२३ साली, प्रत्येकी १०० जागांनी सुरू. पण कॉलेज दारात आलं म्हणून जागा दारातल्यांच्या होत नाहीत. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या राज्यभरच्या गुणवत्तेवर भरतात. पूर्वी ७०:३० चा विभागवार कोटा होता, तो २०२० मध्ये काढला. आणि तेव्हाही "कोकण" असा वेगळा विभाग नव्हताच, विदर्भ-मराठवाडा सोडून "उर्वरित महाराष्ट्रा"त आपण. म्हणजे पुण्या-मुंबईच्या क्लासवाल्यांशीच गाठ.

एक मात्र खरं. कॉलेज जवळ आल्यापासून गावातली पोरं ते "बघायला" जाऊन येतात. पांढऱ्या कोटातली, आपल्यासारखी बोलणारी मुलं कॅन्टीनमध्ये वडापाव खाताना दिसली की निम्मी भीती तिथेच जाते.

---

रात्रपाळी | ३ जून, पहाटे ४.५०

नर्सिंगमध्ये २२ वर्षं आहे, वेळ बघून नाव कळलंच असेल. सगळे नीट-नीट करताय, म्हणून दुसऱ्या दरवाजांबद्दल लिहिते.

एएनएम आणि जीएनएम हे नर्सिंगचे पदवीखालचे कोर्स. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं. यांना बारावी कुठल्याही शाखेची चालते, म्हणजे आर्ट्सवाल्या मुलींनाही रस्ता आहे. हे गावात सांगितलं की आया डोळे विस्फारतात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला मात्र फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं आणि आता सीईटी सेलची (राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणारं कार्यालय) वेगळी परीक्षा असते. जीएनएम झालं की पोस्ट बेसिक करून डिग्री घेता येते. मी तशीच घेतली, नोकरी आणि दोन मुलं सांभाळून. फार्मसीत डी.फार्म. दोन वर्षांचं, बारावीच्या मार्कांवर. बी.फार्म. चार वर्षांचं, त्याला एमएचटी-सीईटी. आणि बीपीएमटी नावाची एक चीज आहे जी कोणालाच माहीत नसते. आरोग्य विद्यापीठाची पॅरामेडिकल पदवी, तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप. ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, एक्स-रे, ब्लड बँक इथे लागणारी माणसं त्यातून तयार होतात.

नर्सिंगला "कमी" समजणाऱ्यांना एवढंच सांगते की डॉक्टर राउंडला येऊन जातो, पहाटे चार वाजता पेशंटला जो चेहरा दिसतो तो आमचा.

आणि सड्यावरचे दादा, मान्यतेचं बोललात ते मोठ्या अक्षरात लिहा. नर्सिंगला भारतीय परिचर्या परिषद आणि राज्य परिषद, डिग्री कोर्सला आरोग्य विद्यापीठ (नाशिकचं, १९९८ चं). प्रवेश घेण्याआधी त्या-त्या ठिकाणच्या यादीत कॉलेजचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. कॉलेजच्या माहितीपत्रकावर "मान्यताप्राप्त" छापलेलं असतंच, ते छापायला पैसे लागत नाहीत.

---

सड्यावरचा | ३ जून, सकाळी ८.१०

ताई, शंभर टक्के. लॅब, रेडिओलॉजी, फिजिओ अशा सगळ्यांसाठी २०२१ साली केंद्राचा वेगळा कायदा आलाय, त्यामुळे नोंदणीचं महत्त्व वाढतच जाणार. आज "चालून जातंय" म्हणून घेतलेलं सर्टिफिकेट उद्या चालणार नाही.

---

निळी_पेन्सिल | ३ जून, दुपारी २.१५

मी सरकारी मेडिकलमध्ये सेकंड इयरला आहे. आई मासळी विकते, बाबा ट्रॉलरवर असतात. कॉलेजचं नाव लिहीत नाही.

प्रवेश मिळेपर्यंतचं सगळे सांगतात, नंतरचं कोणी सांगत नाही म्हणून लिहितेय. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावीत पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर "मायटोकाँड्रिया" लिहिलं. आठवडाभराने मला कळलं की ही आपली तंतुकणिकाच. केंद्रक म्हणजे न्यूक्लिअस, हरितलवक म्हणजे क्लोरोप्लास्ट. मी दोनशे पानी वहीत दोन रकाने आखून मराठी-इंग्रजी यादी केली. अजून जपून ठेवलीय, आता धाकट्या भावाकडे आहे.

नीट मराठीतून देता येते, पण फॉर्म भरतानाच भाषा निवडावी लागते आणि नंतर बदलत नाही. माझ्या मैत्रिणीने दोन वर्षं इंग्रजी पुस्तकांतून अभ्यास केला आणि फॉर्मवर मराठी टाकलं, "आपली भाषा सोपी जाईल" म्हणून. पेपरात अनोळखी मराठी शास्त्रीय शब्द बघून घाबरली. मराठीसोबत इंग्रजी प्रश्नही छापलेला असतो आणि अनुवादात गोंधळ झाला तर इंग्रजीच ग्राह्य धरतात, पण त्या तीन तासांत शेजारी छापलंय हे सुचायला डोकं थंड लागतं. ज्या भाषेतून अभ्यास केलाय तीच निवडा.

एमबीबीएसच्या सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो, भाषा, कॉम्प्युटर, हॉस्पिटल कसं चालतं वगैरे. बाकीच्यांना तो टाइमपास वाटत होता, मला तोच खरा आधार झाला. तिथे एका मॅडमनी विचारलं, "घरात मेडिकलमध्ये कोण कोण आहे?" एकेक हात वर. कोणाचे आईबाबा, कोणाची आत्या. मग त्यांनी विचारलं, "घरातून कॉलेजला आलेलं पहिलंच कोण?" मी हात वर करू की नको असा विचार करत होते, तेवढ्यात मागे दोन हात दिसले. आम्ही तिघी आजपर्यंत एकत्र आहोत.

---

निळी_पेन्सिल | ३ जून, दुपारी २.३०

(मोठं झालं म्हणून तोडलं.) पहिले सहा महिने मी वर्गात नुसती मान हलवायचे. समजलं का? हो. प्रश्न आहे का? नाही. पार्ट एक्झामला (कॉलेजातल्या अंतर्गत परीक्षेला) नापास झाले तेव्हा कळलं की बाकीची मुलं सीनियर्सना विचारतात, नोट्स मागतात, सरांच्या केबिनमध्ये जातात. मला वाटायचं केबिनमध्ये फक्त ज्यांची चूक झाली त्यांनी जायचं. शाळेत तसंच होतं ना.

बोन सेट (शरीररचना शिकायला लागणारी हाडं) विकत घेऊ नका, सीनियर्सकडून मिळतो. पुस्तकं पण.

---

कातळावरचा_मास्तर | ३ जून, रात्री ९.००

पेन्सिलबाई, तुम्ही आमचं बिंग फोडलंत. मी सीनियर कॉलेजात शिकवतो, मेडिकलला नाही, साध्या बी.एस्सी.ला. पण केबिनचं तुम्ही म्हणता ते अक्षरशः खरं आहे.

आमच्याकडे योजना कागदावर कमी नाहीत. मेंटॉर-मेंटी आहे, रेमेडियल आहे, पुस्तकपेढी आहे, समान संधी केंद्र आहे, २०१९ पासून यूजीसीचा "दीक्षारंभ" (नव्या मुलांना कॉलेजची ओळख करून देणारा कार्यक्रम) आहे. नॅकची (कॉलेजांना श्रेणी देणारी) समिती आली की फायली तयार. पण मेंटॉर मीटिंगची नोटीस लावली की येतात कोण? ज्यांना गरज नाही ते.

तीन वर्षांपूर्वी मी नोटीस लावणं बंद केलं. गुरुवारी दुपारची एसटी सुटेपर्यंत मुलं स्टँडवर तासभर बसतात. मी तिथेच जाऊन बसायला लागलो, चहा घेऊन. पहिल्या महिन्यात कोणी बोललं नाही, मास्तर इथे कशाला म्हणून पांगायची. मग एका मुलीने विचारलं, "सर, एटीकेटी (विषय राहिले तरी पुढच्या वर्गात जायची मुभा) म्हणजे वर्ष वाया गेलं का?" घरी तिने नापास झाले म्हणून सांगितलं होतं आणि बापाने स्थळं बघायला घेतली होती. दोन विषय राहिले होते फक्त! मी त्याच संध्याकाळी घरी जाऊन वडिलांना समजावलं. ती आता एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करतेय.

सोय कॉलेजात होतीच, पण ती दाराआड होती. पोरांना दार ठोठावायची सवय नसते. आम्ही मात्र दार उघडं ठेवलं की काम झालं असं समजतो.

---

काजूबोंड | ३ जून, रात्री ९.४०

मास्तर, स्टँडवरच्या चहाला टीए-डीए मिळतो का?

---

कातळावरचा_मास्तर | ३ जून, रात्री ९.४२

मिळतो. वडापाव. मुलं देतात.

---

ओहायोचा_गुहागरकर | ४ जून, सकाळी ६.३०

इकडचं थोडं सांगतो. मी इथल्या एका विद्यापीठात प्रयोगशाळा सांभाळतो आणि संध्याकाळी मुलांना केमिस्ट्री शिकवतो. अमेरिकेत "फर्स्ट जनरेशन" ही सरकारदरबारी मोजली जाणारी गोष्ट आहे. आई किंवा वडील, दोघांपैकी कोणाकडेच बॅचलर डिग्री नाही, तर तुम्ही त्यात. यावर ट्रायो नावाचे कार्यक्रम चालतात. १९६४ साली अपवर्ड बाउंड सुरू झालं (शाळकरी मुलांसाठी), मग टॅलेंट सर्च, १९६८ मध्ये स्टुडंट सपोर्ट सर्व्हिसेस (कॉलेजात आल्यावरचा आधार). तीन झाले म्हणून "ट्रायो". आता तीनपेक्षा जास्त आहेत, नाव तेच राहिलं. नियम असा की दोन तृतीयांश मुलं गरीबही हवीत आणि पहिल्या पिढीचीही.

आरोग्यासाठी वेगळे रस्ते आहेत. १९७० च्या दशकापासून मेडिकल कॉलेजं आणि ग्रामीण भाग जोडणारी केंद्रं आहेत. त्यामागचं गणित साधं. खेड्यातला डॉक्टर हवा असेल तर खेड्यातलं पोर डॉक्टर करा, ते परतण्याची शक्यता जास्त.

मी जे पाहतो ते मात्र भव्य काही नाही. एक खोली, तिथे एक बाई. मुलगा येतो, ती त्याच्या शेजारी बसून फॉर्म भरते. त्याच्यासाठी भरून देत नाही, शेजारी बसते. बस.

---

अण्णानगरची_काकू | ४ जून, सकाळी ११.००

ओहायोपर्यंत जायची गरज नाही हो. मी मूळची मालवणची, लग्नानंतर चेन्नईत. तमिळनाडूत घरातला पहिला पदवीधर असेल तर तहसील कार्यालयातून तसा दाखला मिळतो आणि व्यावसायिक कोर्सच्या शिक्षण शुल्कात सवलत मिळते. २०१० च्या सुमारास सुरू झालं. शिवाय २०२० पासून सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांना मेडिकलमध्ये ७.५ टक्के जागा राखीव. आमच्या कामवाल्या बाईंची पुतणी त्यातून एमबीबीएसला गेली, सगळी गल्ली तिला बघायला आली होती.

---

सड्यावरचा | ४ जून, दुपारी १.२०

काकू, हा मुद्दा मोठा आहे. आपल्याकडे सवलती जात आणि उत्पन्न यांवर आहेत, त्या हव्यातच. पण "घरातून पहिलाच" या गोष्टीला वेगळा रकाना नाही. त्यामुळे ज्या बापाला सही इंग्रजीत करता येत नाही आणि ज्याचं उत्पन्न मर्यादेत कसंबसं बसतं तो, आणि जो बाप स्वतः कारकून आहे तो, दोघे एकाच रांगेत उभे.

असो. असलेल्या गोष्टी तरी घ्या. महाडीबीटीवर (राज्याचं शिष्यवृत्तीचं संकेतस्थळ) राजर्षी शाहू शुल्क योजना, पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, त्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० पर्यंत निर्वाहाला मिळतात. ओबीसी-भटक्यांसाठी त्याच धर्तीवर सावित्रीबाई फुले आधार योजना, आदिवासी मुलांसाठी स्वयम. महाज्योती ओबीसी-भटक्या मुलांना दहावीनंतरच नीटचं फुकट ऑनलाइन कोचिंग देते, टॅबसकट. माझ्या माहितीतल्या दोन मुली त्यावर अभ्यास करतायत, रेंजसाठी सड्यावर चढून.

आणि मुलींसाठी जुलै २०२४ चा शासन निर्णय. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी, तर कॅपमधून (केंद्रीय प्रवेश फेरीतून) घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर नाही. मेस, खोली, गणवेश त्यात येत नाही, ते पैसे वेगळे धरा.

---

कुडाळची_पोर | ४ जून, रात्री ८.५५

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय. आई आशा वर्कर आहे, बाबा नाहीत. बारावी सायन्स झाली, बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी दिलीय. आई गावभर दुसऱ्यांचे फॉर्म भरून देते, पण माझा भरायला बसली की हात थरथरतो तिचा. म्हणते, "गो बाय, दुसऱ्याचा चुकला तर परत भरूक येता, तुझा चुकला तर?"

मी ओबीसी. पडताळणीचा अर्ज कॉलेजातून जानेवारीत केला, त्यात त्रुटी निघालीय. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात आडनाव गावावरून लावलंय, "-कर" असलेलं. आमच्या सगळ्या कागदांवर कुळाचं आडनाव आहे. काय करू?

---

सड्यावरचा | ४ जून, रात्री ९.३०

अगं, कोकणातल्या निम्म्या घरांची हीच कथा. घाबरू नको. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. (भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. बाकीच्यांनी पण लिहून ठेवा.) आता असं कर. आजोबांचा सख्खा भाऊ, बहीण, चुलते, यांच्यापैकी कोणाच्याही जुन्या मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो का बघ, जिथे कुळाचं आडनाव आहे. तहसीलमधून जुना फेरफार, सातबारा, जन्म-मृत्यूची नोंद काढ. दोन्ही आडनावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ. आधी कोणा चुलत भावंडाला पडताळणी मिळाली असेल तर त्याची प्रत सोन्यासारखी.

---

कुडाळची_पोर | ४ जून, रात्री ९.४१

मुंबईतल्या काकाच्या मुलाला मिळालीय बहुतेक. पण आमचं बोलणं नाही. हद्दीवरून.

---

रात्रपाळी | ५ जून, पहाटे ५.१०

हद्द तिथेच राहील, तारीख राहणार नाही. आईला सांग फोन लावायला. नाहीतर मला नंबर पाठव, मी लावते.

---

काजूबोंड | ५ जून, सकाळी ९.००

कोकणात दोन भावांना एकत्र आणायची ताकद फक्त गणपतीत आणि जात पडताळणी समितीत आहे.

बाकी इतकी पोरं मुंबईला पाठवणार तर आंबा कोण काढणार, हाही प्रश्न आहे. गंमत नाही करत. गडी मिळत नाहीत.

---

कातळावरचा_मास्तर | ५ जून, सकाळी १०.१५

धोंडो केशव कर्वे मुरुडहून परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसू दिलं नाही. त्या वेळी कोणी म्हटलं असतं, नारळ कोण काढणार, तर? आंब्याचा प्रश्न खरा आहे, पण तो अठरा वर्षांच्या पोरीच्या फॉर्मवर सोडवायचा नाही.

---

सड्यावरचा | २१ जून, रात्री १०.००

धागा वर काढतो. सेतूत गर्दी सुरू झालीय. वरच्या पोरांसाठी अनुभवाचे बोल.

आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव अक्षर न अक्षर जुळवा. "दत्ताराम" आणि "दत्ता" ही यंत्राच्या लेखी दोन माणसं. शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या खात्यात जाते, म्हणून बँकेत जाऊन विचारा, "आधार सीडिंग झालंय का?" पासबुकावर आधार नंबर लिहिलेला असणं म्हणजे सीडिंग नव्हे. यात एकाचे वर्षाचे पैसे अडकलेले मी पाहिलेत. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर, दोन्हींवरची मुदत बघा, ३१ मार्च कुठल्या सालचा ते. आणि पाऊस सुरू झाला की आपल्याकडे लाइट आणि नेट दोन्ही जातात, त्यामुळे शेवटच्या दिवशी फॉर्म भरायचं धाडस कोकणात राहणाऱ्याने करू नये.

तो वाचनालयातला मुलगा रोज संध्याकाळी येतोय. नीटमध्ये एमबीबीएसला पुरतील इतके मार्क नाहीत. पडताळणीची पावती मिळालीय. बीएएमएस आणि बीपीएमटी दोन्हीकडे बघतोय. बाप विचारत होता, "एक्स-रे काढायला पण डिग्री लागते?" मी त्यांना आमच्या रेडिओलॉजीत नेऊन आणलं. तासभर काचेमागे उभे होते, निघताना म्हणाले, "हा बरा आहे. बसून काम आहे, मान पण आहे."

---

कुडाळची_पोर | ९ जुलै, रात्री ७.३०

काकांनी स्वतः ओरोसला येऊन कागद दिले. रात्रपाळी ताई, तुम्ही फोनवर काय बोललात माहीत नाही, पण काका पहिल्यांदा आमच्या ओटीवर बसले. आईने चहात साखर जास्त घातली. पडताळणी झाली!!

---

रात्रपाळी | १० जुलै, पहाटे ३.२५

मी एवढंच म्हटलं की पुतणी नर्स झाली तर म्हातारपणी इंजेक्शन घरी मिळेल.

---

निळी_पेन्सिल | १० जुलै, सकाळी ७.००

😂 अभिनंदन गं. पर्याय भरताना फक्त जवळची कॉलेजं टाकू नकोस. हॉस्टेल आहे का आणि स्वतःचं हॉस्पिटल किती मोठं आहे हे बघ. नर्सिंग वॉर्डात शिकतात. मेंटॉर म्हणून ज्यांचं नाव मिळेल त्यांना पहिल्याच आठवड्यात जाऊन भेट, काही काम नसलं तरी. केबिनमध्ये. चूक झाली नसली तरी चालतं.

---

कुडाळची_पोर | गणपतीच्या पाच दिवस आधी, रात्री ११.१५

लागला नंबर. मुंबई, सरकारी. परवा दुपारपर्यंत मूळ कागदांसह हजर व्हायचंय. गाड्यांचं काय? सगळं वेटिंग आहे ना या दिवसांत? आणि यंदा गणपती चुकणार. आजपर्यंत कधी चुकला नव्हता.

---

काजूबोंड | रात्री ११.२२

वेटिंग येणाऱ्यांना गं! सगळी मुंबई इकडे येतेय, तिकडे जाणाऱ्या गाड्या रिकाम्या. उद्या संध्याकाळी तुतारी एक्सप्रेस पकड. जनरलमध्ये आडवी झोपून जाशील. परत येताना रडशील, ते तेव्हा बघू.

---

रात्रपाळी | रात्री ११.४०

दादरला पहाटे उतरशील. माझी मैत्रीण ड्युटी संपवून स्टेशनवर येईल, पांढरी चप्पल आणि निळी पिशवी. तिच्याकडे आंघोळ, नाश्ता, मग कॉलेज. मूळ कागद बॅगेत नको, अंगावरच्या पिशवीत. झोपताना डोक्याखाली. तीन झेरॉक्स संच, आठ फोटो, आणि टीसीची मूळ प्रत त्यांना देण्याआधी चार कॉप्या.

---

सड्यावरचा | रात्री ११.५५

आणि मुलींच्या फी माफीचं तिथल्या स्टुडंट सेक्शनला पहिल्या दिवशीच विचार. आधी पूर्ण फी भरा म्हणाले तर भांडू नको, "शासन निर्णय जुलै २०२४" एवढं म्हण आणि मला फोन कर.

---

कुडाळची_पोर | दोन दिवसांनी, संध्याकाळी ६.१०

झालं ऍडमिशन. फी मागितली नाही. हॉस्टेलची यादी दहा दिवसांनी, तोपर्यंत ताईंच्या मैत्रिणीकडे.

निघताना आईला म्हटलं, आरतीला कोण राहणार? म्हणाली, "तू जा. गणपतीक आमी आसांव." काका स्टेशनवर सोडायला आले होते. रात्रभर झोप नाही आली, डब्यात मी, एक आजी आणि तिच्या दोन फणसांच्या गोणी.

एक विचारायचं होतं. इथे कोणीतरी दोनशे रुपये घेतले "लायब्ररी"चे, पावती मागायला लाज वाटली. आता मागू का?

---

सड्यावरचा | संध्याकाळी ६.१४

आत्ता जा. ऑफिस साडेसहापर्यंत असेल.

---

कुडाळची_पोर | संध्याकाळी ६.४९

दिली पावती. हसले पण दिली.